रिमोटचा ‘कार्बन गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंच्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटची तीन बटणं (आवाज वाढवायचं, ‘ओके’ आणि वरचा बाण) अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबावी लागतात, बाकीची ठीक चालतात. तुम्ही रिमोट उघडून त्या बटणांखालच्या काळ्या टिकल्यांवर २बी पेन्सिल घासली. दहा-बारा दिवस छान चाललं, मग पुन्हा तेच. नंतर एक व्हिडिओ बघून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे गोल तुकडे फेविक्विकने चिकटवले. एक बटण सुधारलं, एक आणखी बिघडलं, आणि वर नवीन कटकट अशी की सेल आठवड्याभरात संपायला लागले. आता तुम्हाला कायमचा इलाज हवाय, आणि मुलीच्या कीबोर्डच्या दोन पट्ट्या नीट वाजत नाहीत, त्यांनाही तोच चालेल का, असं विचारलंय.

शनिवार पेठेत माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, २९ वर्षं झाली. काय लावायचं हे ठरवण्याआधी काय बिघडलंय ते बघावं लागतं, आणि तेवढंच तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. त्यात दोष तुमचा नाही. आमच्या धंद्यातच कुठलंही रबरी बटण चालेनासं झालं की ‘कार्बन गेला’ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. पुष्कळदा कार्बन जागेवरच असतो.

रिमोट उघडलात तेव्हा दोन गोष्टी दिसल्या असतील. एक सिलिकॉन रबराची सलग गादी, तिच्यातल्या प्रत्येक बटणाच्या पोटात एक काळी टिकली. खाली बोर्ड, आणि त्यावर प्रत्येक टिकलीसमोर दोन कंगवे एकमेकांत दात घालून ठेवावेत तशा रेघा. दात एकमेकांना टेकत नाहीत. बटण दाबलं की टिकली दोन्ही कंगव्यांवर बसते, कार्बनमधून थोडासा करंट जातो आणि आयसीला, म्हणजे रिमोटच्या चिपला, कळतं की अमुक बटण दाबलं. टिकली म्हणजे काही तांब्याची तार नव्हे. चांगल्या टिकलीलाही शे-दोनशे ओहम रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) असतो आणि तेवढ्यावर आयसी खूश असते. आकडा हजारांत गेला तरी बऱ्याच आयसी सांभाळून घेतात. म्हणून हा बिघाड एका दिवसात येत नाही. आधी जरा जोर द्यावा लागतो, मग दोनदा दाबावं लागतं, मग रिमोट तळहातावर आपटणं सुरू होतं.

या साखळीत तीन ठिकाणी घोळ होतो: टिकली, बोर्ड, किंवा दोघांच्या मधे साचलेला तेलकट थर. हा तिसरा सगळ्यात जास्त भेटतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो. सिलिकॉन रबर तयार होताना त्यातले काही हलके रेणू पक्के बांधले जात नाहीत. ते वर्षानुवर्षं तेलासारखे बाहेर झिरपत राहतात. जुना रिमोट उघडून बोर्डवर बोट फिरवलंत तर खोबरेलाची बाटली ठेवलेल्या फळीसारखं बुळबुळीत लागतं. घरच्यांना वाटतं चिवड्याच्या हातानं रिमोट धरल्यामुळे झालं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना फुकटची बोलणी बसतात. चिवड्याचं तेल बटणाच्या फटीतून एवढ्या आत जात नाही. हे तेल रबराचं स्वतःचं असतं, आणि ते वीज वाहून नेत नाही.

आता तुमच्या हकिकतीवरून काय कळतं ते बघू. पेन्सिलीनं दहा दिवस का होईना काम केलं, म्हणजे आयसी, सिग्नल पाठवणारा पुढचा छोटा दिवा (एलईडी) आणि बोर्डवरच्या रेघा शाबूत आहेत. बोर्डवरची रेघ तुटली असती तर टिकलीला सोनं लावलं असतं तरी बटण चाललं नसतं. दुसरं, तुमची तीन बटणं सगळ्यात जास्त वापरातली आहेत, एकाच ओळीतली नाहीत. रिमोटमधली बटणं आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यात जोडलेली असतात. एखादा रिमोट खाली पडल्यावर त्याची चार-पाच बटणं एकदम मेली, तर रबराकडे बघायचंही नाही. तिथे आयसीचा पाय किंवा एखादी लाइन सुटलेली असते. आणि पडल्यावर सगळीच बटणं गेली तर आयसीला ठेका देणारा आतला छोटा रेझोनेटर तडकलेला असण्याची शक्यता मोठी. ते सोल्डरचं काम, वेगळं.

पेन्सिलीबद्दल एक मात्र सांगता येत नाही. घासल्यामुळे टिकलीवरचं तेल पुसलं गेलं म्हणून बटण चाललं, की ग्रॅफाइट लागलं म्हणून? दोन्हीपैकी काहीही असू शकतं. ग्रॅफाइट रबराला धरून राहत नाही, भिंतीवर खडूनं लिहावं तसं ते नुसतं वर बसतं. शंभर-दोनशे दाबांत त्याची पावडर होऊन खाली सांडते, आणि तेल पुन्हा झिरपतंच. पाहुणे यायच्या आधी अर्ध्या तासात करायचा उपाय म्हणून पेन्सिल वाईट नाही. तिच्याकडून त्यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये.

फॉइलवर मात्र माझा जुना राग आहे. फॉइलची कड धारदार असते, ती बोर्डवरचा कार्बनचा छापा खरवडते. अॅल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज अडवतो, म्हणून आज चाललेलं बटण दोन महिन्यांनी हटवादी होतं. शिवाय सिलिकॉनला फेविक्विकच काय, नेहमीचा कुठलाच गोंद धरत नाही. तुकडा सुटतो आणि बोर्डवर जाऊन पडतो. तुमचे सेल आठवड्यात का संपतात त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. एखादा तुकडा अर्धवट सुटून दोन कंगव्यांवर आडवा पडलाय, आणि रिमोटला वाटतंय की कुणीतरी बटण धरून बसलंय. खात्री करायची असेल तर खोलीत जरा अंधार करा, मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा आणि कुठलंही बटण न दाबता रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. हात न लावता लुकलुकत असेल तर सापडला चोर. लुकलुकत नसेल तरी निश्चिंत होऊ नका. काही आयसी बराच वेळ दाबलेलं बटण बघून संदेश पाठवायचं थांबवतात, पण झोपी जात नाहीत आणि सेल पीत राहतात. (ब्लूटूथचा रिमोट असेल तर ही कॅमेऱ्याची युक्ती उपयोगाची नाही.)

एक बटण आणखी बिघडलं त्याचंही कारण सांगतो. फेविक्विक वाळताना त्याची वाफ उठते आणि आजूबाजूला पांढरट बुरशीसारखी बसते. तुम्ही गोंद ओला असतानाच रिमोट बंद केला असणार, त्यामुळे ती वाफ आतच कोंडून रेघांवर बसली. तीही वीज अडवते. नेलपॉलिश रिमूव्हरनं ती काढायला जाऊ नका, प्लॅस्टिकची केस वितळून चिकट होईल. लाकडी टूथपिकचं टोक जरा चावून मऊ करा आणि त्यानं हलके हलके खरवडा.

तर पहिलं काम म्हणजे सेल काढून ठेवायचे. स्क्रू असेल तर तो सेलच्या कप्प्यात, कधीकधी स्टिकरखाली असतो. बाकी केस कड्यांवर बसलेली असते. ती उघडायला स्क्रूड्रायव्हर घालू नका, जुनं एटीएम कार्ड घ्या आणि सेलच्या बाजूनं सुरुवात करा. फॉइलचा प्रत्येक तुकडा काढा आणि मोजा. तीन लावले होते तर तीन हातात आले पाहिजेत. रबराची गादी भांड्यांच्या साबणानं, कोमट पाण्यात, बोटांनी चोळून धुवा आणि सावलीत रात्रभर वाळू द्या. पुण्याच्या जुलैमध्ये दोन रात्री ठेवा. बोर्ड मात्र पाण्यात घालायचा नाही. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की बाटली पुढे येते. सॅनिटायझर चालणार नाही. त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं, म्हणजे एक चिकट थर काढून दुसरा लावल्यासारखं होईल. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी सिलिकॉन फुगतं आणि गादी केसमध्ये बसेनाशी होते. इअरबड आयपीएत भिजवा, एका दिशेनं पुसा, बड काळा-पिवळा झाला की फेकून दुसरा घ्या. एकाच बडनं सगळा बोर्ड पुसणं म्हणजे एकाच पाण्यात सगळ्या घराची फरशी पुसण्यासारखं आहे. बोर्डवरचे कंगवे काळे असतील तर तो कार्बनचा छापा आहे, त्यावर खोडरबर किंवा पॉलिश पेपर चालवायचा नाही. छापा एकदा उडाला की खालचं तांबं उघडं पडतं, मग हिरवं होतं. कंगवे सोनेरी असतील तर मऊ पांढऱ्या खोडरबरानं एक हलका हात चालतो.

टिकल्यांना आयपीए अगदी बेतानं लावा. टिकल्या दोन प्रकारच्या असतात. चांगल्या गादीत टिकली म्हणजे कार्बन मिसळलेल्या रबराची जाड चकती असते, आरपार काळी. स्वस्त गादीत साध्या रबरावर कार्बनच्या शाईचा पातळ हात मारलेला असतो. ओळखायचं असेल तर एखाद्या बिनकामाच्या बटणाच्या टिकलीची कड सुईनं खरवडून बघा. आत करडं किंवा पांढरं रबर दिसलं तर शाई, काळंच दिसलं तर चकती. शाईवाल्या टिकलीवर जोरात बोळा फिरवला तर उरलीसुरली शाईही बोळ्यावर येते. चकती असेल तर काम सोपं आहे. साधा कोरा कागद टेबलावर ठेवायचा, टिकली त्यावर उपडी धरून दोन-तीनदा फिरवायची. कागदावर राखाडी रेघ उमटली की वरचा चकाकणारा थर गेला आणि खालचा ताजा कार्बन वर आला.

एवढं करून सगळं जोडलंत की बहुतेक रिमोट चालू होतात. दुकानात येणाऱ्या रिमोटपैकी पुष्कळांना मी याहून जास्त काही करत नाही. ‘एवढ्याचे पैसे?’ असं विचारणारे भेटतात. मी त्यांना काळे झालेले बड दाखवतो.

तरीही तुमच्या तीन बटणांपैकी एखादं हटून बसलं तर केस बंद करायच्या आधी एक परीक्षा घ्या. मल्टिमीटर लागत नाही. बोर्डला सेल जोडा, गादी बाजूला ठेवा. मग गादी तिरकी धरून एखाद्या चांगल्या चालणाऱ्या बटणाची टिकली बिघडलेल्या बटणाच्या कंगव्यांवर आणून दाबा. चाललं तर बोर्ड निर्दोष, टिकली गेली. नाही चाललं तर दोष बोर्डमध्ये. मी नव्या पोराला कामावर घेतो तेव्हा मीटर हातात देण्याआधी हे शिकवतो, कारण मीटरची पिनं टिकलीवर किती दाबली यावर आकडा बदलतो आणि माणूस उगाच गोंधळतो. मीटर असेलच तर तो उलट कामाला लावा. सेल काढून, बटण न दाबता, दोन कंगव्यांमधला रेझिस्टन्स मोजा. तिथे आकडा चांगल्या बटणाच्या कंगव्यांपेक्षा बराच कमी यायला नको. आला तर बहुधा अजून घाण आहे, आणि तीच सेल खात असेल.

टिकली खरोखर गेली असेल तर माझा आवडता उपाय फुकटातला आहे. रिमोटच्या तळाशी लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार बटणं असतात ना? तुमच्या आईंनी ती आयुष्यात दाबली नसतील. त्यांच्या टिकल्या कारखान्यातून आल्या तशा कोऱ्या आहेत. नव्या ब्लेडनं त्यातली एक चकती सपाट कापून घ्या. मग आजारी बटणाची जुनी टिकलीही तेवढीच कापून काढा. ही दुसरी पायरी लोक गाळतात आणि जुन्यावरच नवी चिकटवतात. बटण दाबल्यावर जेमतेम मिलिमीटरभर खाली जातं. टिकली दुप्पट जाड झाली तर बटण कायम दाबलेलंच राहतं. चिकटवायला सिलिकॉन सीलंट, म्हणजे खिडकीच्या काचेला लावतात ते. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरे. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट असेल तर ते वाळताना आम्ल सोडतं, त्यानं तांबं खराब होतं. म्हणून २४ तास गादी उघडीच ठेवा, वास पूर्ण गेल्यावर बोर्डवर बसवा. आणखी एक बघा, गादीच्या खालच्या बाजूला बटणाबटणांना जोडणाऱ्या बारीक खाचा असतात. बटण दाबल्यावर आतली हवा त्या वाटेनं जाते. सीलंट पसरून खाच बुजली तर बटण खाली बसतं आणि उठतच नाही.

टिकल्या शाईच्या असतील तर कापून लावण्यात अर्थ नाही. तिथे बाजारात मिळणारा ग्रॅफाइटचा पेंट किंवा चिकटवायच्या तयार कार्बन टिकल्या वापराव्या लागतात. पेंटचं म्हणाल तर जो रबराबरोबर वाकतो तो टिकतो, कडक होणारा महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. आणि बटणाची रबरी भिंतच चिरली असेल, दाबताना ‘टक्’ असं लागत नसेल, तर कुठलाही कार्बन लावून उपयोग नाही. ती गादी संपली.

पण खरं सांगू का, सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटसाठी मी एवढं करायला सांगणार नाही. दीडशे-दोनशे रुपयांत बुधवार पेठेत तसाच रिमोट मिळतो. साफसफाई करा, ती घरातलीच कामं आहेत. त्यानं भागलं नाही तर नवा घ्या आणि जुना ठेवून द्या, त्याच्या टिकल्या पुढे कुणाच्या तरी कामी येतील. चकती कापून लावण्याची मेहनत अशा वस्तूंसाठी, ज्यांचा रिमोट किंवा गादी आता मिळत नाही: जुनी म्युझिक सिस्टिम, लँडलाइनचा फोन, एखादा जुना सायंटिफिक कॅल्क्युलेटर. मायक्रोवेव्हच्या सपाट पॅनेलला मात्र यातलं काही लागू नाही. तिथे रबर नसतं, प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांवर छापलेले कॉन्टॅक्ट असतात आणि बहुधा पॅनेलच बदलावं लागतं.

आता मुलीचा कीबोर्ड. तो मात्र फेकू नका, आणि त्याला पेन्सिल-फॉइल अजिबात लावू नका. स्पर्शाप्रमाणे आवाज लहान-मोठा होणारा कीबोर्ड असेल तर त्याच्या प्रत्येक पट्टीखाली एक नाही, दोन टिकल्या असतात, एक किंचित आधी टेकते, दुसरी किंचित नंतर. मधला वेळ किती लागला यावरून आत ठरतं की पट्टी हळू दाबली की जोरात. दोन्हीपैकी एक टिकली तेलकट झाली की तो वेळ चुकीचा मोजला जातो. मग स्वर एक तर लागतच नाही, नाहीतर हळू दाबूनही एकदम ओरडतो. तुमच्या दोन पट्ट्यांचं नेमकं काय होतं ते लिहिलं नाहीत. एकदम ओरडत असतील तर हेच कारण समजा. तिथे टिकलीची उंची केसभर बदलली तरी स्पर्श बदलतो. म्हणून वर काही चिकटवणं किंवा पेंट करणं वर्ज्य, फक्त साफ करायचं.

गेल्या श्रावणात एका भजनी मंडळाचा कीबोर्ड आला होता. मधल्या सप्तकातले कोमल गंधार आणि मध्यम दचकवत होते. तळाचे पंचवीस-तीस स्क्रू काढून रबराची स्ट्रिप उचलली, तर खालच्या बोर्डवर बरोबर त्या दोन जागी उदबत्तीची राख, तेलात कालवून लेप केल्यासारखी. कीबोर्ड देवासमोर वाजायचा, उदबत्तीचं घर शेजारीच. राख पट्ट्यांच्या फटीतून आत गेली आणि रबराच्या तेलानं तिला धरून ठेवलं. आयपीए आणि सात-आठ बड, एवढंच औषध लागलं. वेळ गेला तो स्ट्रिप परत बसवण्यात. तिच्या रबरी खुंट्या बोर्डच्या भोकांत बोथट काडीनं एकेक करून ढकलाव्या लागतात. ओढून बसवल्या तर खुंटी तुटते आणि तिथलं बटण तिरकं बसतं. स्क्रू काढताना कागदावर कीबोर्डचं चित्र काढा आणि जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवा, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर प्लॅस्टिकला आरपार भोक पडतं. मधली स्ट्रिप खरंच झिजलेली निघाली तर अगदी खालच्या सप्तकाची स्ट्रिप तशाच आकाराची आहे का बघा. असेल तर दोघींची अदलाबदल करा. खालचे स्वर मुली शिकताना फारसे वाजवत नाहीत.

रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं असेल तर तेही काढा. कव्हरमुळे धूळ येत नाही हे खरं, पण बटण लागलं की नाही हे अंगठ्याला कळत नाही आणि माणूस गरजेपेक्षा दुप्पट जोर लावतो. त्यानं रबराची भिंत आधी चिरते. आज रात्री निदान सेल तरी काढून ठेवा. फॉइल आत असेतोवर तुम्ही घालाल ते नवे सेलही आठवडाभरच टिकणार आहेत, आणि संपलेले सेल तसेच राहून फुटले तर रबराच्या भानगडीत स्प्रिंगांचा गंज वाढवून बसाल.